पिशवी कोण सांभाळेल?

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडणार नाही. मी तेव्हा साठीच्या अलीकडे होते, आजच्या मानाने पोरगीच, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की खात्री होती. कासार आंबोलीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत आग्नेस नावाची भाडेकरू नुकतीच राहायला आली होती. दर रविवारी सकाळी ती कडक इस्त्रीची साडी नेसून पौड रस्त्यावरच्या सिस्टरांच्या कॉन्व्हेंटात मिस्सेला, म्हणजे त्यांच्या उपासनेला जायची. तिथं नेमकं काय चालतं ते बघावं म्हणून एका रविवारी मी तिच्या मागे लागून गेले. भक्तीबिक्ती काही नव्हती, निव्वळ भोचकपणा. गाणी झाली, वाचन झालं, फादर बोलले आणि मग सगळे उठून रांगेत उभे राहिले. रांग दिसली की मी उभी राहतेच, रेशनच्या दिवसांपासूनची सवय आहे. फादर एकेकाच्या तळहातावर एक पांढरी, पातळ चकती ठेवत होते आणि माणसं ती तिथल्या तिथे तोंडात टाकून परत फिरत होती. मला ते काही आवडलं नाही. प्रसाद असा एकट्याने खाऊन मोकळं व्हायचं, हे कसलं वळण? घरी आमचे हे प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून पडले होते. मी उजवा हात पुढे केला, चकती घेतली, पदराच्या टोकात गाठ मारून नीट बांधली आणि हात पुन्हा पुढे केला. ‘घरी माणूस पडून आहे,’ मी फादरांना सांगितलं, ‘त्याच्यासाठी अजून एक द्या.’

चॅपेलातल्या, म्हणजे त्यांच्या छोट्या प्रार्थनाघरातल्या, सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ते फादर म्हातारे होते. त्यांनी हातातलं भांडं एका सिस्टरकडे दिलं, माझ्या पदराची गाठ स्वतः सोडवली, आत चिमणीचं पिल्लू असावं अशी हळूच, आणि ती चकती काढून स्वतः खाल्ली. पदराला चिकटलेला कणही बोटाने टिपला आणि ते मागच्या बाईकडे वळले. मी मात्र रागाने लाल. दिलेला प्रसाद परत घेतात? आग्नेसची वाट न बघता मी पाय आपटत घरी आले आणि ह्यांच्यापुढे तासभर त्या सगळ्या मंडळींचा उद्धार केला.

संध्याकाळी आग्नेस पातेलंभर शिरा घेऊन आली. खाली करपलेला, वर गुठळ्या. ‘सुमनताई, हा प्रसाद समजा आणि घरभर वाटा,’ ती म्हणाली. मग बाजेच्या कडेला बसून तिने सांगितलं, की सकाळी हातावर ठेवली ती प्रसादाची चकती नव्हे. तो स्वतः ख्रिस्तच आहे, असं आम्ही मानतो. म्हणून ज्याची दीक्षा, म्हणजे बाप्तिस्मा झाला आहे, त्यालाच तो दिला जातो. हे ऐकून आमच्या ह्यांना जे हसू फुटलं ते पाय दुखायला लागला तरी थांबेना. ‘म्हंजी तू त्यांचा देवच पदरात बांधून आणत हुतीस व्हय गं?’ मला वरमायला हवं होतं. पण मी वरमते कसली. मी आग्नेसला म्हटलं, आमच्यात दारात आलेल्याला आधी जेवायला घालतात, नाव-गाव मग विचारतात. तुमच्यात उलटं का? ‘याचं उत्तर मला येत नाही,’ ती म्हणाली. ‘येईल तेव्हा सांगेन.’

ती आग्नेस गेली, त्याला आता दोन महिने होत आले.

नाताळला ती नगरकडे, तिच्या गावी, पुतण्याकडे गेली होती. चार दिवसांनी येते म्हणाली होती, मग तिथेच सर्दी-ताप झाला, मग छातीत कफ… जानेवारीत एका सकाळी मी ओट्याशी उभी राहून पावटे सोलत होते आणि पुतण्याचा फोन आला. त्याने ‘आत्या’ एवढंच म्हटलं आणि पुढे त्याला बोलवेना. मी त्याला म्हटलं, कळलं बाळा. फोन ठेवला आणि उरलेले पावटे सोलून संपवले. दुपारी जेवायला घरी आम्ही दोघीच असायचो, तेवढेच होते. रोजच्या सवयीने तिचेही घेतले होते.

आग्नेस लवळ्याच्या एका हॉस्टेलात रेक्टर होती. मुली तिला इतक्या टरकून असायच्या, की ती टेकडी चढून येताना दिसली तरी पोरींची गाणी बंद व्हायची. रात्री उशिरा येणारीला ती रागवायची नाही, नुसती दारात खुर्ची टाकून बसायची, आणि त्या मुलीला तिच्या समोरून जावं लागायचं. पोरींना चिप्स खाऊ नका, दात किडतील म्हणून सांगणारी ही बाई स्वतः मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर भाजायची आणि त्याचा ठसका आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मिस्सेच्या आधी तासभर तोंडात काही घालायचं नसतं, म्हणून रविवारी हा उद्योग ती पहाटेच उरकायची, आणि मला घड्याळ बघावं लागायचं नाही. ठसका लागला की समजायचं, रविवार आहे, साडी काढा. निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं ती नगरला जाईल. ती मागच्या खोलीतच राहिली. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे मी वर्षातून दोनदा तरी विचारायची आणि ती दरवेळी वेगळं कारण सांगायची. एकदा म्हणाली, मुलगा बघायला आला होता, पण त्याला शिरा आवडायचा.

त्या पहिल्या फजितीनंतर मी शपथ घेतली होती की त्या रांगेत परत म्हणून उभी राहणार नाही. पण रविवारी जाणं काही सुटलं नाही. का गेले, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. गाणी बरी असायची, सिस्टरांच्या अंगणात जांभळाची सावली होती, आणि एक तासभर कुणी मला काही मागत नसे. रांगेची वेळ आली की सगळे उठायचे आणि बाकावर मी एकटी उरायची. दोन-तीन रविवार आग्नेसने हे पाहिलं असावं. मग एके दिवशी उठता उठता तिने तिची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. तपकिरी रेक्झिनची, चेन तुटलेली, तोंडाला सेफ्टी पिन लावलेली. ‘जरा सांभाळ, मी आलेच.’ एवढंच. पण त्यानंतर बाकावर उरलेली बाई आणि पिशवी सांभाळणारी बाई यात किती फरक असतो, ते मला कळलं. ती पुढे जायची, मी तिच्या चष्म्याच्या घराची आणि मिश्रीच्या डबीची राखण करायची. नंतर कधी तरी तिने सांगितलं, की दीक्षा नसली तरी रांगेत यायला हरकत नाही. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे, म्हणजे फादरांना कळतं, ते कपाळावर हात ठेवून नुसता आशीर्वाद देतात. ‘एवढा तरी घे,’ ती म्हणायची. मी म्हणायची, ‘आणि पिशवी कोण सांभाळेल?’ हा आमचा वर्षानुवर्षांचा विनोद झाला. खरं तर त्यात विनोद कमी आणि भीती जास्त होती. फादरांच्या समोर उभं राहिलं की पदराची ती गाठ आठवायची.

मग आमचे हे गेले. पायाने नव्हे, काळजाने. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. माणसांनी त्यांना उचललं आणि मी दारात उभी राहिले, आणि चाळीस वर्षांचा संसार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी वळून दिसेनासा झाला. तेरा दिवस घर भरलेलं होतं. चौदाव्या दिवसापासून जे रिकामं झालं… मुलगा दिवसभर हिंजवडीच्या कंपनीत, सून मेघा तिथल्याच दुसऱ्या कंपनीत, नातू शाळेत. वाईट कुणीच नाही, पण सगळ्यांना घाई. आग्नेस रोज संध्याकाळी येऊन ह्यांच्या खुर्चीत बसायची. सांत्वन करायला तिला येत नसे. ती पत्ते घेऊन यायची आणि मला हरवायची.

त्या वर्षी गुड फ्रायडेला तिच्याबरोबर गेले. त्या दिवशी मिस्सा नसते, वेदीवर फूल नाही, कापड नाही, घंटा नाही. रांगेने जाऊन लोक क्रुसाच्या पायांना ओठ लावतात. मी बाकावरूनच बघत होते. इतकी वर्षं मी त्या क्रुसाकडे बघून ‘बिचारा’ म्हणत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, की हा शेवटच्या वेळी एकटा पडला होता आणि आपण एकटे पडलोय हे त्याने लपवलं नाही, ‘देवा, मला का सोडलंस?’ असं मोठ्याने बोलून दाखवलं. देवाला हे चालतं? मग मीच का रोज सगळ्यांना ‘मी मजेत’ म्हणून सांगतेय? घरी येताना मी रिक्षात रडले आणि आग्नेस बाहेर बघत राहिली.

तरीही ‘मला तुमच्यात यायचंय’ हे म्हणायला मला आणखी काही वर्षं लागली. मागच्या उन्हाळ्यात, पत्ते खेळता खेळता म्हणाले. वाटलं होतं, बाई आनंदाने उडी मारेल. तिने पत्ते खाली ठेवले. ‘सुमे, माझ्यासाठी येत असशील तर येऊ नकोस,’ ती म्हणाली. ‘मी काय कायमची आहे?’ मला राग आला. मी म्हटलं, तुझ्यासाठी कोण येतंय, तुझा शिरा खाऊन कुणी धर्मात येईल का? ती हसली, पण प्रश्न तसाच राहिला.

आताचे फादर तरुण आहेत, वसईकडचे, त्यांचं मराठी जरा गाण्यासारखं. मला वाटलं होतं, हे लगेच डोक्यावर पाणी घालून मोकळे होतील. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, वर्षभर तरी लागेल. आधी नुसतं या, ऐका, विचारा. घरच्यांना सांगा, लपवून काही करू नका. मधेच नको वाटलं तर चहा पिऊन घरी जा, आपली ओळख राहीलच. दर रविवारी मिस्सेनंतर व्हरांड्यात वर्ग भरायचा. वर्गात आम्ही दोघेच. मी आणि लग्न ठरलेला एक मुलगा, ज्याचं अर्धं लक्ष फोनमध्ये असायचं. मी विचारू नये ते सगळं विचारलं. कुमारी आईच्या पोटी मूल कसं, ह्यांचा दीक्षेवाचूनच मृत्यू झाला, मग त्यांचं काय, देवघरातला खंडोबा माझ्यावर रागवेल का. फादर टाळाटाळ करत नसत. ह्यांच्याबद्दल म्हणाले, त्यांना देवाच्या दयेवर सोडा, ती आपल्यापेक्षा मोठी असते. खंडोबाबद्दल म्हणाले, त्याचा अपमान करायला तुम्हाला कुणी सांगत नाही, पण दीक्षेच्या वेळी एकालाच शब्द द्यावा लागतो. तो देता येईल का, हे तुम्हीच बघा. तो रविवार मला फार जड गेला. देवघर मी मेघाच्या हाती दिलं. पूजा तिने मोडू दिली नाही. सकाळी लवकर उठून, ऑफिसला जायच्या आधी ती फुलं वाहते. ते बघताना मला अजून कुठेतरी दुखतं. खोटं कशाला सांगू.

गावात कळायला वेळ लागला नाही. शेजारची सरू कुंपणाशी येऊन म्हणाली, ‘खरं सांग, काय दिलं तुला त्यांनी?’ मी म्हटलं, चहा. तोही फिका. ती म्हणाली, ‘लई हुशार समजतीस सवताला.’ त्यानंतर ती बोलेनाशी झाली. बायकांनी मला हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं असं म्हणावं, तर ते हे गेल्यापासूनच बंद होतं. मुलगा म्हणाला, तुला हवं ते कर. हे तो ज्या सुरात म्हणाला त्या सुरात माणसं जागा विकायला मान्यता देतात. मेघाने मात्र एका संध्याकाळी स्वयंपाकघरात गॅस बंद करून सरळ विचारलं. ‘आई, उद्या तुमचं काही झालं तर आम्ही काय करायचं? बाबांसारखं की त्यांच्यासारखं? दहावं करायचं की नाही?’ मी नेहमीप्रमाणे चेष्टा केली, की मी गेल्यावर मला काय कळणार, कावळ्यालाच विचारा. ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा लक्षात आलं, की हिला लोकांची लाज वाटत नाहीये. ही मला हरवायला घाबरतेय.

ऑक्टोबरात माझा स्वीकारविधी झाला. ही दीक्षा नव्हे, दीक्षेच्या वाटेवरचं पहिलं पाऊल. इच्छुकाला चॅपेलच्या दाराबाहेर उभं करतात आणि फादर विचारतात, देवाच्या मंडळीकडून तुम्हाला काय हवं? उत्तर पाठ होतं. ‘श्रद्धा’ म्हणायचं होतं. आग्नेसने आठवडाभर माझ्याकडून घोकून घेतलं होतं. पण आयत्या वेळी सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली आणि माझ्या तोंडून निघालं, ‘आत यायचंय, बाहेर फार ऊन आहे.’ लोक हसले. फादर हसले नाहीत, ‘या’ म्हणाले. मग माझी धर्ममाता, म्हणजे या वाटेवर माझा हात धरणारी म्हणून आग्नेस पुढे आली आणि तिने अंगठ्याने माझ्या कपाळावर, कानांवर, डोळ्यांवर, खांद्यांवर क्रुसाची खूण केली. पहाटेची मिश्री होती, तिच्या अंगठ्याला वास येत होता. मी कुजबुजले, हात तरी धुवायचेस. ती म्हणाली, गप्प उभी राहा.

नाताळच्या आधी रिक्षात बसता बसता तिने माझा तो जुना हिशेब चुकता केला. म्हणाली, ‘तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. तुला आधी जेवायला घातलं नाही असं कोण म्हणतं? इतकी वर्षं शेजारी बसवून घेतलं ना?’ मी म्हटलं, हे काही उत्तर नव्हे. ती म्हणाली, मग ईस्टरला आल्यावर भांडू. ईस्टरला शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये माझी दीक्षा व्हायची होती. पांढरी साडी तिनेच आणून ठेवली होती, माझ्या वयाला न शोभणारी, बारीक जरीची.

दफनाला मला मेघा घेऊन गेली. मुलाची मीटिंग होती. तिने रजा टाकली आणि गाडी काढली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी शेवटपर्यंत पोचवायला गेले. ज्यांच्याबरोबर संसार केला, त्यांना दारातूनच निरोप दिला होता. हिला मात्र खड्ड्यात उतरताना पाहिलं, वाकून मूठभर माती घेतली आणि टाकली. माती पेटीवर पडल्याचा आवाज आला. मेघा डोक्यावर ओढणी घेऊन माझ्या मागे उभी होती, माझा दंड धरून. पुतण्याने निघताना ती तपकिरी पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाला, हॉस्पिटलात आत्या म्हणत होती, सुमनकडे द्या, तिला सवय आहे. आत काही नव्हतं. चष्मा तिच्याबरोबर गेला. रिकामी मिश्रीची डबी तेवढी होती.

त्यानंतरचे सहा-सात रविवार मी गेले नाही. ठसका आला नाही, तर रविवार आहे हे कळणार कसं? मुलगा म्हणाला, मागची खोली लवळ्याच्या पोरांना भाड्याने देऊ. मी हो म्हणाले आणि कुलूप काही काढलं नाही. संध्याकाळी पत्ते काढायची, दोन डाव वाटायची आणि तिचाही डाव मीच खेळायची. तीच जिंकायची. फादरांचा फोन आला. म्हणाले, धर्ममाता दुसरी शोधू, एक सिस्टर तयार आहेत, पण त्याची घाई नाही. तुम्ही आधी स्वतःला विचारा, यायचं आहे का. ईस्टर पुढच्या वर्षीही येतो. मी फोन ठेवला आणि मला आग्नेसचा राग आला. बाईने प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकायला थांबली नाही. तिच्यासाठी जात होते का मी? तसं असेल तर आता जायचं कारण नाही. आणि तसं नसेल तर एकटीनं जावं लागेल… दोन्हींतलं एकही मला नको होतं.

मागच्या रविवारी सकाळी मी तरीही साडी नेसले. कारण विचाराल तर नाही सांगता येणार. घर फार शांत होतं, एवढंच. रिक्षा शोधायला निघाले, तर मेघा चावी घेऊन उभी. एरवी ती सोडायला आली, तर गाडीतच बसून राहायची, फोन बघत. या वेळी गाडी लावली आणि माझ्या मागोमाग आत आली. मी बघितलं तर म्हणाली, बाहेर रेंज नाहीये. तिथं चांगली रेंज असते, हे मला माहीत आहे. ती माझ्या शेजारी, आग्नेसच्या जागेवर बसली. चपला बाहेर काढायच्या का, हे तिने दोनदा विचारलं. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ असल्याने वेदीवर फुलं नव्हती. गाणं सुरू झालं आणि शेजारून तो खरखरीत, सुराला एक पायरी खाली असणारा आवाज आला नाही, तेव्हा मात्र मला वाटलं, उठून जावं.

रांगेची वेळ आली. सगळे उठले. आमच्या बाकावर आम्ही दोघीच उरलो. पिशवी माझ्या मांडीवर होती, ती सेफ्टी पिन लावलेली, रिकामी पिशवी, आणि मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. समोर फादर उभे होते. एकेक माणूस पुढे सरकत होता. जावंसं वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कुणी सांगितलेलं नसताना, ढकललेलं नसताना, मला तिथं जाऊन उभं राहावंसं वाटत होतं. पाय काही उठत नव्हते. सवयीने माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. आग्नेसला म्हणायची तेच. मेघाने माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, मग रांगेकडे. रांग संपत आली होती. तिने हात पुढे केला.

‘आई, द्या ती माझ्याकडे. मी बसते इथंच. तुम्ही जाऊन या.’